नव्या टायरांचा मान

पद्मावतीबाईंनी नव्या टायरांना लावलेलं कुंकू जुन्या टायरांना लागलं, इथून सगळं सुरू झालं.

चामराजपेटेतल्या घरासमोर गाडी येऊन उभी राहिली तेव्हा त्या ताट घेऊन तयारच होत्या. खंडेनवमी दोन दिवसांवर आलेली. इथे कन्नड मुलखात तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी अख्ख्या गावातलं एकही चाक बिनपूजेचं राहत नाही. पण नवी वस्तू घरात आली की तिला सणाची वाट बघायला लावायची नाही, हा पद्मावतीबाईंचा नियम. त्या पुढच्या चाकासमोर उकिडव्या बसल्या. बसल्या म्हणजे आधी फाटकाला धरलं, मग सुनेच्या खांद्याला धरलं, मग तुळजाभवानीचं नाव घेतलं आणि मग कुठं गुडघे वाकले. डावं चाक झालं, उजवं चाक झालं, झेंडूची फुलं वाहिली, ओवाळून झालं. पुन्हा सुनेचा खांदा धरून त्या अर्ध्या उठल्या होत्या, तेवढ्यात स्टेअरिंगवर बसलेला रघुनंदन हळूच म्हणाला, "आई, नवे मागं आहेत."

"मागं म्हणजे?"

"मागच्या चाकांना घातलेत."

"मग मी ओवाळलं कुणाला?"

"जुन्यांना."

पद्मावतीबाई तशाच अर्ध्यावर थांबल्या. सुनेचा, म्हणजे निवेदिताचा, खांदाही तसाच अर्ध्यावर अडकला.

"हे मी बसले तेव्हा तोंडातून फुटलं नाही? उठताना फुटलं?"

"तू मंत्र म्हणत होतीस ना."

"मंत्र कसले! गुडघ्याला शिव्या देत होते."

रघुनंदन छप्पन्न वर्षांचा. ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. घरात तो कुणाच्या हाताखाली होता हे त्या चाळिसांना माहीत नव्हतं, म्हणून त्याची अब्रू राहिली होती. त्यानं खाली उतरून सांगायला सुरुवात केली. पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते, ते काढून टाकले. मागचे निम्मेशिम्मे झिजले होते, ते पुढे आणले. नवे दोन मागे घातले. देवाप्पा टायरवाला म्हणाला, असंच घालतात.

"इंजिन कुठं आहे या गाडीचं?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"पुढं."

"गाडी ओढतं कोण? पुढची चाकं का मागची?"

"पुढची."

"म्हणजे जो ओढतो त्याला झिजकी चप्पल, आणि जो मागून नुसता फरफटत येतो त्याला नवी? कुठल्या शाळेत शिकवतात रे हे? मी तिसरीपर्यंतच गेले, माझ्या वेळेला नव्हतं शिकवत."

खरं तर हे रघुनंदनलाही पटल्यासारखं वाटत होतं, तीच मोठी पंचाईत होती.

"आणि पुढं बसतं कोण?"

ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. या घरात पहिली गाडी आली तेव्हापासून ड्रायव्हरच्या शेजारची जागा पद्मावतीबाईंची. पंचवीस वर्षं झाली, गाड्या तीन बदलल्या, जागा बदलली नाही. निवेदिता लग्न होऊन आली ती मागे बसली, पिशव्या, डबे आणि नंतर अजिंक्य मांडीवर घेऊन. अजिंक्य आता सहा फूट झाला, महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर बडवतो, आणि तोही मागेच बसतो, गुडघे कानाशी घेऊन.

पण पद्मावतीबाईंच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. आयुधपूजेचं जेवण दरवर्षी जे. पी. नगरला, धाकट्या जावेकडे असतं. रत्नाबाईंकडे. रत्नाबाईंच्या त्रिविक्रमनं गेल्या वर्षी कोरी गाडी घेतली तेव्हापासून रत्नाबाई फाटकात उभ्या राहून लोकांच्या गाड्यांकडे बघू लागल्या होत्या. आणि फाटकातून बघणाऱ्याला गाडीचं काय दिसतं? तोंड. पुढची चाकं. नवे टायर मागे लावून न्यायचे म्हणजे भरजरी पदर कंबरेला खोचून लग्नाला जायचं.

"परत जा आणि पुढं घालून आण," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या.

त्या संध्याकाळी अजिंक्यनं त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात ओल्या रस्त्यावर एक गाडी गरागरा फिरत होती आणि एक गोरी बाई शांतपणे काहीतरी सांगत होती.

"हे बघ आज्जी. हिचे नवे टायर पुढे आहेत, जुने मागे. टर्न घेतला की मागची बाजू सटकते. सिंपल फिजिक्स आहे."

पद्मावतीबाईंनी चष्मा लावून पूर्ण बघितलं. "रस्त्यावर इतकं पाणी आहे हे या गाडीवाल्याला दिसत नाही?"

"मुद्दाम टाकलंय आज्जी, टेस्टसाठी!"

"इथं नळाला पाणी नाही, टँकर मागवतो आपण, आणि ही बया गाडी फिरवायला रस्त्यावर पाणी ओतते. हिचं काय ऐकायचं?" त्यांनी फोन परत केला. "आणि ती जाते का कुणाच्या फाटकात? तिला जाऊ आहे का?"

दुसऱ्या दिवशी रघुनंदन दुकानात जाऊन तसाच परत आला. देवाप्पा नाही म्हणाला होता.

"नाही म्हणाला? मला?"

"तुला नाही, मला."

"मग तो नाही म्हणालाच नाही अजून. काढ गाडी."

देवाप्पा मूळचा निपाणीकडचा. कन्नड बोलताना मराठी वाटायचा, मराठी बोलताना कन्नड. सणाचा आदला दिवस, दुकानापुढे गाड्यांची रांग वळणापर्यंत गेलेली. त्यातून पद्मावतीबाई पुढच्या सीटवरून उतरल्या तशी त्यानं एका गिऱ्हाइकाच्या बुडाखालची प्लास्टिकची खुर्ची काढून पुढे ठेवली. त्या बसल्या नाहीत.

"देवाप्पा, तू माझ्या मुलाला काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलंय की ओ आज्जी. पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाती. जरा हळू केलं की सावरती. मागचा घसरला तर भिंगरीगत फिरती. सावरायला टाइमच गावत न्हाई. म्हणून चांगला माल मागं."

"बैल गाडीच्या पुढं असतात का मागं?"

"पुढं."

"लोखंडी पत्री कुणाच्या पायाला ठोकतात? बैलाच्या का गाडीच्या?"

देवाप्पानं डोकं खाजवलं. रांगेतले दोघे तिघे जवळ सरकले. "बैलाच्याच. पर आज्जी, बैलाच्या चारी पायाला ठोकत्यात. पुढच्या दोनच पायाला ठोकून मागचं तसंच सोडत न्हाईत."

रांगेतला एक जण हसला. पद्मावतीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो स्वतःच्या स्कूटरचा आरसा पुसू लागला.

"वीस वर्षं टायर विकतोस," त्या म्हणाल्या. "कधी गाडी ओढलीस?"

"न्हाई."

"मी ओढलीय. चाळिसाव्या वर्षी कुंकू पुसलं, तेव्हापासून अख्खं घर ओढलंय. ओढणाऱ्याचेच पाय झिजतात देवाप्पा, मागून येणाऱ्यांचे नाही. मला नको शिकवू."

देवाप्पानं रघुनंदनकडे बघितलं. रघुनंदन टायरांच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरकडे बघत होता. मागच्या सीटवर निवेदिता मंडईच्या पिशव्यांमध्ये बसली होती, तिनं काच खाली केली होती.

"घालतो," देवाप्पा शेवटी म्हणाला. "पर फिरली तर माझं नाव काढायचं न्हाई आज्जी. चार माणसांत सांगतो."

"चार माणसांत मीही सांगते. माझ्या डोळ्यांदेखत गाडी मागून घसरली, तर त्या दिवसापासून मी मागं बसेन. पिशव्यांशेजारी. जन्मभर. ठरलं, सरी?"

"सरी," देवाप्पा म्हणाला.

मागच्या सीटवर निवेदितानं पहिल्यांदाच मान वर करून बाहेर बघितलं. पद्मावतीबाईंना ते दिसलं आणि आवडलं नाही.

आयुधपूजेच्या सकाळी गाडी धुतली, पुसली, बॉनेटला केळीचे खुंट बांधले, हार घातला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवून रघुनंदननं गाडी पुढे घेतली. लिंबं चिरडली. पुढच्या नव्या टायरांच्या काळ्याभोर अंगावर कुंकू असं उठून दिसत होतं की पद्मावतीबाई दोनदा लांब जाऊन, फाटकात उभ्या राहिल्यासारखं करून बघून आल्या. मग त्यांनी जावेला फोन लावला.

"रत्ना, कोहळा फोडलात का?"

"आता फोडणारच अक्का. आमचा त्रिविक्रम म्हणतो, कडेला झाडाखाली फोडू. रस्त्यावर लोक घसरून पडतात म्हणे दरवर्षी."

"कडेला? दृष्ट काय कडेकडेनं येते, बुजऱ्या पाहुण्यासारखी? फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध फोड. आणि चांगला आपटून, चार तुकडे नाही, चाळीस झाले पाहिजेत."

"दोन आहेत अक्का. एक गाडीचा, एक स्कूटरचा."

"मग दोन्ही मधोमध."

रत्नाबाई "बरं अक्का" म्हणाल्या. थोरल्या जावेचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती, आणि रत्नाबाईंना तर असा शब्द पाळायला फार आवडायचं, कारण त्याचं पुढे काय होतं ते नंतर सांगता यायचं.

राहूकाळ टळल्यावर गाडी निघाली. पुढे पद्मावतीबाई, मागे अजिंक्य आणि निवेदिता. निवेदिताच्या मांडीवर कटाच्या आमटीचा भलामोठा स्टीलचा डबा, कारण रत्नाबाईंच्या आमटीला चव नसते हे पद्मावतीबाईंनी जावेच्या लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं.

रस्ताभर कोहळे फुटलेले. पांढरा गर, लाल कुंकू, त्यातली चिल्लर वेचणारी माणसं. रघुनंदन प्रत्येक कोहळ्याला वळसा घालून, नवरीची वरात न्यावी तसा चालवत होता.

"कुठं गेलं रे तुझं फिजिक्स?" दर सिग्नलला पद्मावतीबाई मागे वळून अजिंक्यला विचारायच्या. "सरळ चाललीय की!"

"सरळ रस्त्यावर सगळेच सरळ जातात आज्जी."

"मग वाकड्यावर बघू."

वाकडं जे. पी. नगरला आलं. रत्नाबाईंची गल्ली मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळते आणि वळताक्षणी उताराला लागते. रघुनंदननं कोपऱ्यावरच गाडी हळू केली. खाली फाटकासमोरचा रस्ता चकाकत होता. त्रिविक्रम हातात पाइप घेऊन आपली गाडी दुसऱ्यांदा धूत होता आणि सगळं पाणी कोहळ्यांवरून वाहत होतं.

"इथंच लावतो, आई. चार पावलं तर आहेत."

"चालत जायला आपण काय त्यांचे भाडेकरू आहोत? फाटकापर्यंत ने. तोंड फाटकाकडे करून लाव."

"खाली ओलं आहे."

"आणि जरा रुबाबात ने! ती बघ उभी राहिलीय. पिंडाला कावळा शिवत नाही तशी काय गाडी थबकवतोस?"

रघुनंदननं आईचं ऐकलं. ही त्याची सवय होती आणि या गोष्टीपुरता तोच त्याचा गुन्हा.

गाडी रुबाबात उतारावरून गेली. फाटकात रत्नाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी फाटकाकडे वळायला लागली, आणि थोरल्या जावेला ओवाळायच्या उत्साहात रत्नाबाई एक पाऊल पुढे आल्या. रघुनंदननं ब्रेक दाबला.

पद्मावतीबाईंना नंतर आठवलं ते इतकंच. समोरच्या काचेत आधी रत्नाबाई होत्या. मग शेजाऱ्यांचं कंपाउंड आलं. मग एक चाफ्याचं झाड, अगदी सावकाश, पुढून निघून गेलं. मग एक म्हातारा आपल्या कुत्र्याला फिरवत होता, तो गेला. मग ज्या उतारावरून आपण आलो तो उतारच समोर आला आणि सगळं थांबलं. बॉनेटवरचा एक केळीचा खुंट सुटून जमिनीवर आडवा झाला होता.

"रत्ना कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"मागं आहे," रघुनंदन म्हणाला. त्याचे हात स्टेअरिंगला चिकटले होते.

कुणाला खरचटलंही नव्हतं. निवेदितानं मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी असा धरला होता की आमटीचा थेंब सांडला नाही. इतकी वर्षं मागे बसल्याचं ते शिक्षण होतं. अजिंक्यनं तोंड उघडलं, आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यानं तोंड मिटलं.

पद्मावतीबाई उतरल्या. पदर सारखा केला. गाडीला वळसा घालून मागच्या बाजूला आल्या, कारण फाटक आता मागे होतं.

"अक्का," रत्नाबाई ताट धरून म्हणाल्या, "पाठमोऱ्या का आलात?"

"ओवाळ आधी. उगाच कापूर विझेल."

"कुणाला ओवाळू? डिकीला?"

"गाडीलाच ओवाळायचं ना? डिकी काय शेजाऱ्यांची आहे?"

रत्नाबाईंनी डिकीला ओवाळलं. मग कुंकू लावायला चाकाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. "अय्यो अक्का! हे तर झिजलेत. काल फोनवर नवे घेतले म्हणालात ना?"

"नवे पुढं आहेत."

"पुढं कुठं?"

"तिकडं. पलीकडं. उताराकडे तोंड करून." पद्मावतीबाईंचा आवाज चढला. "आणि मला एक सांग रत्ना, कोहळा रस्त्याच्या मधोमध फोडायची अक्कल कुणाची? माणसं मरतील एखाद दिवशी!"

रत्नाबाईंनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. घाई केली नाही. वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या घासाला घाई करत नाहीत. "तुम्हीच सांगितलंत ना अक्का, सकाळी. दोन्ही मधोमध म्हणून. चाळीस तुकडे कर म्हणालात."

"मी कडेलाच फोडत होतो, मोठ्याआई," त्रिविक्रम पाइप बंद करत म्हणाला.

पद्मावतीबाईंनी मुलाकडे बघितलं. तो केळीचा खुंट उचलून परत बांधत होता, एवढ्या निगुतीनं की जणू त्याला तेवढ्यासाठीच बोलावलं होतं.

जेवताना पद्मावतीबाई वाट बघत राहिल्या. कुणीतरी आता पैजेचं काढणार. अजिंक्य काढेल, मग त्या म्हणणार, की मोठ्यांच्या तोंडी लागतोस? रघुनंदन काढेल, मग म्हणणार, की तुझ्याच हातानं ब्रेक दाबलास ना? निवेदिता काढेल, मग तर बरंच काही म्हणणार. सगळी उत्तरं तयार होती, ओळीनं लावून ठेवलेली.

कुणी काढलंच नाही. अजिंक्यनं पुरणाची होळगी मागून घेतली. रघुनंदननं आमटी चांगली झालीय म्हणून सांगितलं. निवेदिता सगळ्यांना वाढत होती आणि सासूच्या ताटात तूप नेहमीइतकंच वाढत होती, ना कमी ना जास्त. माणसानं निदान तूप तरी जास्त वाढावं, म्हणजे कळतं की मनात काही आहे.

"काय झालं अत्ते, जेवत नाही?" तिनं विचारलं.

"जेवतेय की! माझ्याकडे काय बघतेस, लोकांना वाढ."

दुपारी निघताना सगळे फाटकापर्यंत आले. रस्ता आता वाळला होता. गाडी तशीच, रत्नाबाईंकडे पाठ करून उभी होती. निवेदिता सवयीनं मागचं दार उघडून रिकामा डबा आत ठेवायला वाकली. पद्मावतीबाईंनी पुढच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. रस्त्यावरचे कोहळ्याचे तुकडे तेवढे त्यांच्याकडे बघत होते.

पण देवाप्पाच्या दुकानापुढे चार माणसं होती. त्यातला एक जण हसला होता. आणि पद्मावतीबाईंनी जन्मात कधी दिलेला शब्द गिळला नव्हता. लोकांनी गिळलेले मात्र त्यांनी काढून घेतले होते, आणि ते कसं दिसतं हे त्यांना ठाऊक होतं.

"निवेदिता," त्या म्हणाल्या, "तिथं काय करतेस? इकडं बस."

निवेदिता डब्यासकट वळली. "मी?"

"या गल्लीत दुसरी निवेदिता आहे का? बस पुढं. मला पाय लांब करायचेत."

मागच्या सीटवर पाय लांब करायला जागा नव्हती, कारण तिथे अजिंक्यचे गुडघे होते. तरी त्या आत शिरल्या. रिकामा डबा कुठेतरी ठेवायला हवा होता, तो त्यांच्या मांडीवर आला.

निवेदिता पुढे बसली. पट्टा लावायचा असतो हे तिला आठवलं नाही, गाडी टीं टीं करायला लागली, मग रघुनंदननं वाकून तिचा पट्टा ओढून लावून दिला. तिनं समोरची झडप खाली केली, तर आतून आरसा निघाला. तिनं त्यात एकदा स्वतःकडे बघितलं आणि झडप परत वर केली. पहिल्या सिग्नलला रघुनंदन काहीतरी म्हणाला, ती काहीतरी म्हणाली, आणि दोघं हसले. पद्मावतीबाई पुढे वाकल्या, पण ऐकू आलं नाही. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, की गाडी चालवताना या पोराला बोलायची सवय नाही.

"काय हसताय?"

"काही नाही आई."

"काही नाही तर हसू नका. रस्त्याकडे बघ."

आणि मग थोड्या वेळानं, डब्यावर बोटं वाजवत त्या म्हणाल्या, "अजिंक्य, उद्या सकाळी देवाप्पाकडं जायचं."

सकाळी देवाप्पाच्या दुकानात कुणी नव्हतं. त्यानं गाडी बघितली. पुढे सून, मागे आज्जी. बघितलं आणि खुर्ची आणायला आत गेला, आणि आत जरा जास्तच वेळ थांबला. बाहेर आला तेव्हा तोंड सरळ होतं.

"काय करायचं आज्जी?"

"नवे मागं घाल."

"घालतो."

"का ते विचारत नाहीस?"

"न्हाई विचारत."

"विचार!"

"का ओ आज्जी?"

"मोठी माणसं मागं बसतात म्हणून. मी मागं बसायचं आणि नवे टायर पुढं, हे काय मानाला धरून झालं? आधी मी पुढं बसत होते, तोवर पुढं घाल म्हणाले. आता मागं बसते, तर मागं घाल. यात न कळण्यासारखं काय आहे? उगाच बैलाच्या गोष्टी सांगत बसलास परवा."

देवाप्पानं जॅक लावला. "चुकलंच माझं," तो म्हणाला.

ही बातमी जे. पी. नगरला कशी पोचली ते कुणी कबूल केलं नाही, पण अजिंक्य दोन दिवस आज्जीसमोर आला की फोन खिशात घालत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नाबाईंचा फोन आला. आधी तब्येतीचं झालं, मग कटाच्या आमटीचं झालं.

"अक्का, एक विचारू? तुमच्यात म्हणे आता मोठी माणसं नव्या टायरांवर बसतात."

"तुमच्यात नाही बसत?" पद्मावतीबाई म्हणाल्या, जणू हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलं होतं.

"नाही, तसं नाही. मीही बसेन म्हणते. पण आमच्या गाडीचे तर चारही नवे आहेत. मग मी कुठं बसायचं?"

पद्मावतीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. खिडकीतून त्यांना त्यांची गाडी दिसत होती, मागच्या दोन चाकांवर ताजं कुंकू असलेली.

"तसल्या गाडीत काय रत्ना," त्या म्हणाल्या, "कुठंही बस. तिथं सगळ्याच जागा सारख्या."